मृगाच्या आत खाली उतरा

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर बाबा म्हणाले, दरड कोसळेल म्हणून घर खाली करा अशी तहसीलदाराची नोटीस काय, दरवर्षीच येते. मी तेव्हा गप्प बसले, पण रात्रभर तेच डोक्यात होतं. फोनवर बोलले असते तर एक तर रडले असते, नाही तर भांडले असते. म्हणून सविस्तर लिहितेय. बाबा, हे पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवा आणि मधलं काही गाळू नका.

तुम्हाला इथल्या, स्वित्झर्लंडमधल्या, ब्लाटेन गावाबद्दल सांगायचं आहे. गेल्या वर्षी, 2025 च्या मे महिन्यात, टीव्हीवर तुम्ही ते पाहिलं होतं. डोंगर कोसळला आणि धुराचे लोट उठले, तेच. तेव्हा आईने घाबरून मला फोन केला होता. पण टीव्हीवर फक्त कोसळणं दिसलं. त्याआधीचं आणि नंतरचं काही दिसलं नाही, आणि मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं.

मी राहते त्या थुन शहरातून रेल्वेने निघालं की कांडरस्टेगनंतर एक लांब बोगदा लागतो. बर्नीज आल्प्सची रांग त्यातून पार होते आणि गाडी वालिस राज्यात गोपेनश्टाइनला बाहेर पडते. बाबा, तुमची उभी हयात घाटात एसटी चालवण्यात गेली, म्हणून या बोगद्याचं मुद्दाम सांगते. लांबी 14.6 किलोमीटर, 1913 मध्ये सुरू झाला. खोदकाम चालू असताना 24 जुलै 1908 ला वरच्या खोऱ्यातला नदीचा गाळ आणि पाणी एकाएकी आत घुसलं. 25 कामगार गेले, बहुतेक इटलीहून पोटासाठी आलेले. तेवढा भाग भिंत घालून कायमचा बंद केला आणि बोगदा वाकडा नेला. त्याच वर्षी फेब्रुवारीत गोपेनश्टाइनला हिमलोटाने आणखी 12 माणसं मारली होती. म्हणजे या खोऱ्याच्या दारातच, डोंगर काय करू शकतो ते लिहून ठेवलेलं आहे.

गोपेनश्टाइनहून पिवळी बस लोत्शेनटाल खोऱ्यात चढते. खोरं सुमारे 27 किलोमीटर लांब आणि चिंचोळं आहे. मधून लोंझा नदी वाहते आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन हजार मीटरच्या वरची शिखरं. ओळीने चार ग्रामपंचायती लागतात, फेर्डेन, किपेल, विलर आणि सगळ्यात आत ब्लाटेन. त्याच्यापुढे उन्हाळी कुरणं, मग हिमनदी, मग बर्फातली खिंड. ब्लाटेन 1540 मीटरवर, म्हणजे जवळपास आपल्या कळसूबाईच्या उंचीवर, वसलेलं होतं. वस्ती तीनशेच्या आसपास. समोर बीचहॉर्न, 3934 मीटर. त्या शिखराच्या कुशीत एक छोटी हिमनदी होती, बिर्च नावाची, आणि तिच्या डोक्यावर क्लाइनेस नेस्टहॉर्न नावाचा सुळका.

गाव किती जुनं? कागदोपत्री पहिला उल्लेख 1433 चा. शिवाजी महाराजांच्या जन्माच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधीचा. लार्च लाकडाची घरं, शेकडो वर्षं ऊन खाऊन काळी पडलेली, एकमेकींना खेटून उभी. धान्याच्या कोठारांखाली लाकडी खांब आणि खांबांवर गोल सपाट दगड, उंदीर वर चढू नयेत म्हणून. आई, ते पाहून तुला आजीची कणगी आठवली असती. मोटारीचा रस्ता थेट ब्लाटेनपर्यंत पोहोचला तो 1950 च्या दशकात. तोवर राय आणि बटाटे पिकवायचे, गाई पाळायच्या, गवत कापून हिवाळ्याची बेगमी करायची, आणि बर्फ पडलं की खोरं जगापासून तुटलेलं.

गरिबी होती, पण माणसं ताठ. चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून हे खोरं वरच्या वालिसमधल्या पाच जिल्ह्यांच्या ताब्यात होतं. 1790 मध्ये इथल्या लोकांनी पैसे मोजून स्वतःची सुटका करून घेतली. गाई राखणाऱ्या लोकांनी इतका पैसा कसा उभा केला असेल, याचा विचार मी फार वेळा करते. त्याच्याही आधी, मध्ययुगात, इथली काही कुटुंबं हिमनद्या ओलांडून उत्तरेला लाउटरब्रुनेनच्या खोऱ्यात गेली आणि तिकडे वस्त्या करून राहिली. आज जगभरचे पर्यटक जिथे फोटो काढतात, त्या गिमेलवाल्डसारख्या वाड्या त्यांच्याच.

आणि शिमगा! फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या, उपासांपर्यंत इथे ‘चेगेटे’ निघतात. पाइनच्या लाकडात कोरलेले अक्राळविक्राळ मुखवटे, अंगावर शेळ्या-मेंढ्यांची कातडी, कमरेला गाईची घंटा. पूर्वी फक्त बिनलग्नाची पोरं हे सोंग घ्यायची आणि दिसेल त्याच्या मागे लागायची. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अंगावर काटाच आला. आपला संकासुर! तेच भेसूर तोंड, तशाच कमरेच्या घंटा, तशीच पोरांची पळापळ. त्या दिवसापासून हे खोरं मला परकं वाटलेलं नाही.

आता मे 2025 चं सांगते.

बिर्च हिमनदीवर 1990 च्या दशकापासूनच लक्ष होतं, कारण तेव्हा तिच्यावरून मोठे हिमलोट खाली आले होते. आजूबाजूच्या सगळ्या हिमनद्या आटत चाललेल्या असताना ही एकटी पुढे सरकत होती. वरच्या सुळक्यावरून दगड पडून पडून तिच्या पाठीवर ओझं वाढलं होतं. उंचावरच्या कड्यांच्या भेगांत बारमाही बर्फ असतं आणि ते खडकाला धरून ठेवतं. हवा तापते तसं ते सुटत जातं. शास्त्रज्ञ या एका घटनेचा सगळा दोष तापमानावर टाकत नाहीत, पण ते विरघळणं खरं आहे.

मेच्या मध्यावर सुळका हलू लागला. 17 तारखेला गावाच्या एका भागातली माणसं हलवली. 19 मे, सोमवार, सगळं गाव रिकामं करण्याचा हुकूम निघाला. तीनशे माणसं हाताला लागेल ते घेऊन निघाली. गुरंढोरं खाली नेली. एका जखमी गाईला तर हेलिकॉप्टरने उचललं. लोकांना वाटलं होतं, थोड्या दिवसांत परत येऊ. तोवर सुळका ढासळत राहिला. हिमनदीच्या पाठीवर सुमारे 90 लाख टन दगडमाती साचली आणि ती दिवसाला काही मीटर सरकू लागली. 28 मेला दुपारी साडेतीनच्या सुमारास सगळं एकदम खाली आलं. भूकंपमापकांवर त्याची नोंद 3.1 इतकी झाली. गावाचा नव्वद टक्के भाग गाडला गेला. लोंझा नदी अडली, मागे तळं साचलं आणि उरलेली बरीचशी घरं त्यात बुडाली. चर्च गेलं. सहाशे वर्षांचं गाव अर्ध्या मिनिटात गेलं.

आणि माणसं? रिकाम्या केलेल्या गावात एकही जीव गेला नाही. त्या हद्दीबाहेर असलेले एक 64 वर्षांचे गृहस्थ मात्र सापडले नाहीत. त्यांचे अवशेष पुढे ढिगाऱ्यात मिळाले. एका माणसाचं मरणही मोठंच असतं, आणि खोऱ्यातले लोक ते विसरलेले नाहीत. पण तीनशे जण जिवंत आहेत.

बाबा, आता माळीण आठवा. 30 जुलै 2014, सकाळची वेळ. गाव गेलंय हे जगाला कळलं तेच मुळी एसटीच्या ड्रायव्हरमुळे. तो नेहमीच्या रस्त्याने गेला आणि गाव होतं तिथे चिखलाचा डोंगर दिसला. दीडशेहून जास्त माणसं होती त्याखाली. तुम्ही तेव्हा महाड आगारात होता. घरी येऊन जेवला नव्हतात, मला पक्कं आठवतंय. मग 22 जुलै 2021, तळिये. ते तर आपल्याच तालुक्यातलं, आईच्या मावळणीचं गाव तिथून किती लांब? 80 हून जास्त माणसं. मग 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडी. 27 मृतदेह मिळाले, 57 जण ढिगाऱ्यातच राहिले. तिन्ही ठिकाणी लोक पिढ्यान् पिढ्या राहत होते. डोंगर आजवर हलला नाही, असं तिथेही कुणीतरी म्हणतच असणार.

तुम्ही म्हणाल, तिकडे रडार आहेत, कॅमेरे आहेत, हेलिकॉप्टर आहेत, आपल्याकडे काय आहे? खरं आहे. आपल्या डोंगराला कुणी रडार लावलेलं नाही आणि याचा मला मनापासून राग येतो. गरिबाच्या वाडीवरचा डोंगरही तेवढाच मोजला गेला पाहिजे. पण ज्या अर्थी मोजलेला नाही, त्या अर्थी आपण आधी निघायला हवं. ब्लाटेनच्या कड्याने नऊ-दहा दिवस खुणा दिल्या. आपला डोंगर तसा नाही. आपल्याकडे कातळावर मातीचा जाड थर असतो. चोवीस तास पाऊस धो धो लागला की पाणी मुरून माती जड होते, कातळावरून सुटते आणि घरंगळत येते. त्याला नऊ दिवस लागत नाहीत. कधी कधी नऊ मिनिटंही मिळत नाहीत, आणि तेव्हा रात्र असेल, वीज गेलेली असेल, पऱ्याला पूर असेल. तेव्हा निघू म्हणण्यात काही अर्थ नाही.

आई म्हणते, घर कसं सोडायचं. आई, मी या महिन्यात तिथे जाऊन आले. विलरच्या वरच्या उतारावरून पाहिलं. जिथे गाव होतं तिथे करडा दगडधोंड्यांचा पट्टा आहे, या उतारापासून त्या उतारापर्यंत. मला तिथे उभं राहवेना. माझं कुणी नव्हतं त्या गावात, तरी. घर जाण्याचं दुःख काही कमी नसतं, आणि मी तुला ते कमी आहे असं सांगणारही नाही. पण त्या गावचे सरपंच माटियास बेलवाल्ड त्याच दिवशी लोकांसमोर उभे राहून म्हणाले, आम्ही गाव गमावलंय, काळीज नाही. ते असं म्हणू शकले, कारण ऐकायला गाव जिवंत होतं. शेजारच्या गावांनी त्यांना घरं दिली. आता परत जाऊन त्याच खोऱ्यात नवं ब्लाटेन बांधायचा त्यांचा निश्चय आहे. माणसं राहिली तर वाडी पुन्हा बसते. माळीणचे वाचलेले लोकही नव्या जागी, पक्क्या घरांत राहतातच ना.

तेव्हा आता मी काय ठरवलंय ते सांगते. आत्याशी माझं बोलणं झालंय. माणगावची तिची मागची खोली रिकामी आहे, वेगळी चूल मांडता येईल. मृग लागायच्या आत तुम्ही दोघं तिकडे जायचं आणि गणपतीपर्यंत तिथेच राहायचं. गणपती वाडीत बसवायचा की आत्याकडे, ते पाऊस बघून ठरवू. म्हशींना खालच्या आळीतल्या काकांच्या गोठ्यात ठेवायचं. त्यांना मी फोन केलाय, चाऱ्याचे पैसे मी देणार आहे. लावणीला बाबांना यावंच लागेल हे मला कळतं. मग उघडीप असेल त्या दिवशी सकाळी यायचं, उजेड असेपर्यंत परत फिरायचं आणि वाडीत मुक्काम करायचा नाही.

तोवर रोज एकदा वर चक्कर मारा. फणसाच्या वरच्या अंगाला जी भेग दादाने गेल्या दिवाळीत दाखवली होती, तिच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोका आणि मधलं अंतर सुतळीने मोजून ठेवा. झाडं कलली, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, नवीनच कुठे पाणी फुटलं, पऱ्या भर पावसात आटला, घराची दारं अडकायला लागली, यातलं एक जरी दिसलं तरी कपडेसुद्धा न घेता निघा आणि जाताना सगळ्या घरांत सांगून जा. तुम्ही निघालात की बाकीचेही निघतील. वाडीत तुमचा शब्द चालतो, बाबा, हे तुम्हालाही माहीत आहे.

सातबारा, आधार, पासबुकं, आईचे दागिने आणि बाबांच्या प्रेशरच्या गोळ्या एका पिशवीत भरून दाराशी ठेवा. येत्या रविवारी दादा गाडी घेऊन येतोय. त्याला रिकामा परत पाठवू नका. रविवारी रात्री मी फोन करेन तो आत्याच्या नंबरवर करेन.

तुमची,
बाय