सूक्ष्म इंजिनांच्या बातम्यांत पूर्ण हिशेब हवा

महोदय,

अणूएवढ्या उष्मा इंजिनांविषयीच्या (उष्णतेपासून काम मिळवणाऱ्या यंत्रांविषयीच्या) बातम्यांना ‘उष्मागतिकीचा दुसरा नियम मोडीत निघाला’ अशा आशयाचे मथळे दिले जातात. उष्णता आपोआप थंड वस्तूकडून गरम वस्तूकडे जात नाही, असे हा नियम सांगतो. प्रत्यक्षात जे घडते ते याहून वेगळे आणि माझ्या मते कितीतरी अधिक विलक्षण असते, म्हणून हे पत्र.

प्रामुख्याने ब्राझीलमधील संशोधकांनी केलेला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहा. क्लोरोफॉर्मच्या रेणूतील कार्बन आणि हायड्रोजन यांच्या अणुकेंद्रकांना त्यांनी वेगवेगळ्या तापमानांच्या अवस्थेत आणले. दोन्ही केंद्रके परस्परांशी असंबद्ध होती तेव्हा उष्णता नेहमीप्रमाणे गरमकडून थंडकडे गेली. पण त्यांच्यात आधीच क्वांटम सहसंबंध निर्माण केले, म्हणजे दोघांच्या अवस्था एकमेकींशी जोडल्या, तेव्हा काही काळ ती थंडकडून गरमकडे वाहिली. एकेकटे तपासले असता प्रत्येक केंद्रक साध्या औष्मिक अवस्थेतच, म्हणजे ठरावीक तापमानाला असलेल्या नेहमीच्या वस्तूसारखेच, होते. मात्र उष्णता उलटी वाहत असताना सहसंबंध घटत होते, म्हणजे त्या प्रवाहाची किंमत ते चुकवत होते. दुसऱ्या नियमाच्या नेहमीच्या मांडणीत दोन्ही वस्तू सुरुवातीला असंबद्ध असल्याचे गृहीत असते. सहसंबंध जमेस धरले की नियम अबाधित राहतो.

फ्रेंच अभियंते कार्नो यांनी १८२४ मध्ये सांगितलेली कार्यक्षमतेची मर्यादा, म्हणजे पुरवलेल्या उष्णतेपैकी जास्तीत जास्त किती भाग कामात बदलता येईल ही सीमा, केवळ दोन तापमानांवर ठरते. ज्या यंत्राला उष्णतेखेरीज सहसंबंधही पुरवले जातात, त्याला जणू दुसरे इंधनच मिळते, आणि औष्मिक, असंबद्ध अवस्थांपासून हे सहसंबंध तयार करायचे तर ऊर्जा खर्चावीच लागते. हा खर्च वगळून काढलेली कार्यक्षमता कार्नोच्या मर्यादेशी ताडून पाहणे गैर आहे.

याचा अर्थ सहसंबंध निरुपयोगी आहेत असा मुळीच नाही. काही सूक्ष्म शीतयंत्रांत ‘एंटँगलमेंट’मुळे, म्हणजे कणांच्या अवस्था परस्परांत गुंतवणाऱ्या खास क्वांटम सहसंबंधांमुळे, अधिक थंडावा मिळू शकतो, असे सैद्धांतिक संशोधनातून दिसले आहे. उलट, जर्मनीत २०१६ मध्ये एकाच कॅल्शियम आयनावर चालवलेले गाजलेले इंजिन अभिजात (क्वांटमपूर्व) भौतिकीच्या नियमांनीच समजावता येते. यंत्र लहान असले म्हणजे त्याची कामगिरी क्वांटम परिणामांमुळेच असते, असे नाही.

तेव्हा विनंती एवढीच, की अशा यंत्राच्या कार्यक्षमतेचा आकडा छापताना त्यातील सहसंबंध कसे निर्माण केले आणि त्यांवर खर्चलेली ऊर्जा त्या आकड्यात धरली आहे की नाही, हेही आपल्या बातमीदारांनी संशोधकांना विचारून छापावे.

आपला,
एक विज्ञानप्रेमी वाचक