बाबा, सिनेमे अंधारात काढत नाहीत

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आधी मुद्द्याचं सांगते, म्हणजे पत्र फेकून द्यायचं असेल तर बाबांचा वेळ वाचेल. उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची तारीख मी घेऊन टाकली आहे. सिद्धेश्वरांच्या यात्रेतली नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता, दारूकाम सगळं आटोपल्यानंतरचा सोमवार. गड्ड्याच्या जत्रेत फिरायला मिळणार नाही अशी तक्रार नको, पहिले दिवस तुमचेच आहेत.

न विचारता घेतली, हो. विचारलं असतं तर "उन्हाळा जाऊ दे" म्हणाला असतात, उन्हाळ्यात म्हणाला असतात "पाऊस पडू दे". आता मोतीबिंदू पिकायची वाट बघत नाहीत. उलट जास्त कडक झाला तर काढायला अवघड जातो. दादाशीही बोलले, तो हो म्हणाला, पण त्याच्यावर रागावू नका. रागवायचं तर माझ्यावर. आत्याच्या वेळचं मनात आणू नका, ते वेगळं होतं.

मला कळलं कसं, ते ऐका. दसऱ्याला आपण 'दशावतार' सिनेमा बघितला. बाहेर पडताना तुम्ही म्हणालात, "आजकाल सगळं अंधारातच काढतात." मी मान डोलावली, कारण हल्लीच्या मालिकांबद्दल ते खरंच आहे; अर्धा वेळ माणूस दिसतोय की खांब, तेच समजत नाही. पण मध्यंतरानंतर तुम्ही आईला हळूच विचारलंत, "हा कोण नवीन?" आणि तो नवीन नव्हता. मग वाचनालयातलं पुस्तक तुम्ही न वाचता परत केलंत, म्हणे छपाई पुसट. शिवाय पलंगाजवळचा दिवा बदलायला सांगितलात. तिन्ही धागे जोडायला अर्नाळकरांच्या रहस्यकथांतला झुंजार कशाला हवा? तुम्हीच शिकवलंय, साक्षीदार एकदा चुकला तर सोडावा, तीनदा चुकला तर धरावा.

आणि सिनेमा नेमका तोच! डोळे साथ देत नाहीत तरी रंग फासून दशावतारी नाटकात उभा राहणारा म्हातारा बाबुली मेस्त्री, आणि "आता थांबा" म्हणणारा त्याचा मुलगा. थिएटरात मी तुमच्याकडे बघायचं टाळलं. तुमचं माझं मत इथे जुळतं, ऐंशी ओलांडलेल्या दिलीप प्रभावळकरांनी एकट्यांनी तो खांद्यावर नेलाय. पण मध्यंतरानंतर पुढे काय होणार ते आधीच कळतं, आणि खलनायक मंडळी फारच पुठ्ठ्याची. तुम्हाला हे पटणार नाही. डोळा बरा झाला की पुन्हा बघा, मग भांडू.

आईला 'वाळवी' जास्त आवडला होता. मलाही. खुनी कोण हे लपवायचंच नाही, बेत सुरुवातीलाच उघडा टाकायचा आणि मग तो कसकसा फसत जातो ते दाखवायचं, ही परेश मोकाशींची युक्ती. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला म्हणून नव्हे, कुठेही भाषण नाही म्हणून मला तो आवडतो. बाबांना मात्र खुनी जेवणाच्या टेबलावरच बसलेला हवा. तुमची एक तक्रार मला शंभर टक्के मान्य आहे: हल्लीचे रहस्यपट शेवटची पंधरा मिनिटं सगळं मागे नेऊन पुन्हा समजावतात. प्रेक्षक काय झोपला होता? बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, उलगडा दोन पानांत संपवायचे.

ऑपरेशन सोलापुरातच करतोय. पुण्याला आणायचा विचार होता, पण तुमचा पलंग, तुमची सोलापुरी चादर, सकाळचा पेपर, कट्ट्यावरची मंडळी हे सगळं सोडून तुम्ही माझ्या सातव्या मजल्यावर कसे राहणार? त्याच दिवशी घरी सोडतात. मी आदल्या संध्याकाळी हुतात्मा एक्सप्रेसने येते, आठवडाभर आहे. नवीन चष्म्याचा नंबर साधारण महिन्याने काढतील, तोवर बारीक अक्षर नीट दिसणार नाही. तुम्हाला खरी भीती याचीच आहे, मला ठाऊक आहे.

म्हणून वाचायचं काम माझ्याकडे. रोज रात्री नऊला, आणि परत गेल्यावर फोनवर. रिचर्ड ऑस्मनची 'द थर्सडे मर्डर क्लब' घेऊन येतेय. तुमच्याच वयाचे चार जण दर गुरुवारी बसून न सुटलेल्या खुनांच्या फायली उकरतात. आई, त्यातली जॉयस केक करत करत सगळ्यांचं गुपित काढून घेते, ती अगदी तुझ्यासारखी आहे. तिची डायरी हीच पुस्तकाची गंमत. 2025 मध्ये सिनेमा आला, मोठमोठे नट आहेत, पण त्या चौघांचं घर राजवाड्यासारखं आणि सगळी घाई. पुस्तकच बरं. मी मराठीत सांगत जाईन. आणि लोडशेडिंगच्या रात्री गच्चीवर तुम्ही करायचात तस्संच करणार, ऐन वेळी थांबणार. "खुनी उद्या, झोपा आता." किती रडायचे मी! दादाने तर एकदा कंदील घेऊन पुस्तक शोधलं होतं.

आता ऐका, दोघंही. थेंब ठरल्या वेळी, तक्ता मी फ्रिजवर लावणार आहे. डोळा चोळायचा नाही. डॉक्टर सांगतील तोवर डोक्यावरून अंघोळ नाही, स्कूटर नाही. पाणी सुटेल त्या दिवशी बाबांनी बादली उचलायची नाही. आई, तूही नाही. वरच्या मजल्यावरच्या मुलाला सांगून ठेवलंय. त्याला शेंगाचटणी दे, पैसे तो घेणार नाही. आधी साखर तपासायची आहे, म्हणून संक्रांतीला शेंगापोळी एकच, आणि आई, "अर्धी अजून" म्हणून वाढू नकोस. जुने रिपोर्ट एका पिशवीत घालून दारामागे अडकवून ठेव.

माळ्यावरचं अर्नाळकरांचं खोकं मी आल्याशिवाय काढायचं नाही. शिडीवर चढलात तर मला आईकडून कळेलच. आणि बाबा, शेवटच्या पानावर पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहायची सवय आता सोडा, त्यातली निम्मी पुस्तकं मला अजून वाचायची आहेत.

तुमची,
चिमी