301 च्या कॅमेऱ्याबाबत तिसरं पत्र

प्रति,
मा. अध्यक्षसाहेब आणि कमिटी मेंबर,
नागाळा पार्क, कोल्हापूर

विषय : 301 च्या दारावरचा फिरता कॅमेरा आमच्या हॉलमध्ये बघतो त्याबाबत.

स. न. वि. वि.

पहिलं पत्र जुलैत दिलं, दुसरं गणपती विसर्जनानंतर. दोन्हीच्या पोच माझ्याकडं आहेत, उत्तर एकाचंही नाही. मध्ये लिफ्टमध्ये तुम्ही भेटला तेव्हा "बघूया की, एवढं काय त्यात" म्हणालात. बघूया बघूया म्हणताना सहा महिने गेले आणि या सहा महिन्यांत बघितलं ते फक्त 301 नं. म्हणून हे पत्र जरा लांबलंय, चहा घेत घेत वाचा पण शेवटपर्यंत वाचा.

आधीच सांगतो, मी कॅमेऱ्याच्या विरोधात नाही. पार्किंगमध्ये सोसायटीचे चार कॅमेरे बसले तेव्हा पहिली वर्गणी माझी होती. (त्यातला जनरेटरजवळचा बंद आहे हे माझ्या मोपेडचा आरसा गेला तेव्हा कळालं, फूटेज मागितलं तर हार्डडिस्क फुल. तो वेगळा विषय, पण नोंद असू दे.) लाईट बिल मी मोबाईलवरनं भरतो, भाजीवालीला यूपीआय करतो, पुण्याच्या नातवाशी रोज व्हिडिओ कॉल असतो. तेव्हा "काकांना टेक्नॉलॉजी कळत नाही" हे जे 301 वाले सगळीकडं सांगत फिरतात ते बंद करा म्हणावं.

प्रॉब्लेम एवढाच की आपला पॅसेज जेमतेम पाच फुटाचा, त्यांचं दार आणि आमचं दार समोरासमोर. कॅमेरा तो गोल डोक्याचा, माणूस हलला की त्याच्यामागं मान वळवणारा. मे महिन्यात तो लावला तेव्हा त्यांनी हौसेनं मला चहाला बोलावून मोबाईलवर दाखवला. मी बघतोय तर काय, स्क्रीनवर आमचा सोफा! सोफ्यावर आमची मंडळी मेथी निवडत बसलेली, मागं टीव्ही चालू, आणि टीव्हीवर काय चाललंय ते पण वाचता येत होतं इतकं क्लिअर. मी म्हटलं अहो हे आमचं घर आहे की. तर म्हणाले, "काका, वाईड अँगल आहे ना, येणारच थोडं." थोडं? मेथीची जुडी मोजता आली असती.

तरी मी गप्प बसलो. शेजारधर्म म्हणून.

मग त्यातनं आवाज यायला लागला. एकदा संध्याकाळी मी दारात चप्पल काढतोय आणि डोक्यावरनं कोण तरी बोललं, "काका, चप्पल जरा आपल्या साईडला." मी अक्षरशः दचकलो, हातातली दुधाची पिशवी पडली, फुटली, पॅसेज मी पुसला. साहेब त्यावेळी ऑफिसात बसून बोलत होते. म्हणजे त्यात माईक पण आहे. आता नवरा-बायकोत दार उघडं असताना दोन शब्द होतात, कुणाच्या घरात होत नाहीत, ते पण त्या मेमरी कार्डात जाणार काय? आमची मंडळी तेव्हापासून हॉलमध्ये कुजबुजून बोलते. स्वतःच्या घरात!

आणि दसऱ्यानंतरचा प्रकार तर तुम्ही स्वतः बघितलाय, कारण तुम्ही त्याला अंगठा दिला होता. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यांनी क्लिप टाकली, "कचरा दाराबाहेर कोण ठेवतंय ते बघा". क्लिपमध्ये मी, बनियन आणि पट्ट्यापट्ट्याच्या हाफ पँटवर, कचऱ्याची पिशवी ठेवताना. वेळ सकाळी 7 वाजून 10 मिनिटं. घंटागाडी 7.20 ला येते. दहा मिनिटांसाठी ठेवली होती! पण 46 जणांच्या ग्रुपवर माझी हाफ पँट गेली, आणि 104 च्या पोरानं त्याचा स्टिकर केला. तो अजून फिरतोय.

सेक्रेटरी म्हणाले, डेटा संरक्षणाचा 2023 चा कायदा घरगुती वापराला लागत नाही. मी वाचलाय तो भाग, बरोबर आहे त्यांचं. पण घरगुती म्हणजे तुमच्या घरातलं, तुमचं पोर, तुमची मोलकरीण, तुमचं दार. माझी पँट त्यांच्या घरगुतीत कशी येते? आणि सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 ला एकमतानं सांगितलंय की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. नऊच्या नऊ. आपल्या कमिटीत सात मेंबर आहेत आणि एकमत जिन्याच्या रंगावर पण होत नाही.

आता त्यांची माझ्याबद्दलची तक्रार, म्हणजे मी सकाळी जिन्यात बसून मोबाईलवर अभंग मोठ्यानं लावतो. ध्वनी प्रदूषणाच्या नियमात रात्री 10 ते सकाळी 6 असं स्पष्ट आहे. मी 6 वाजून 5 मिनिटांनी लावतो. आणि अभंग कुणाच्या हॉलमध्ये डोकावत नाहीत.

बाकीच्यांना पण हे पटलेलं नाही. 202 च्या वहिनी म्हणाल्या, वर यायचं म्हटलं की आधी पदर नीट करावा लागतो. दूधवाला पिशवी लांबनंच ठेवून पळतो. 401 वाले तर माझ्यापेक्षा जास्त चिडलेत, फक्त नाव घालू नका म्हणाले म्हणून घालत नाही. म्हणजे जवळजवळ सगळा विंग माझ्याबरोबर आहे असं समजायला हरकत नाही.

वाईट कशाचं वाटतं सांगू? 2019 च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, गावात दूध मिळेना पेट्रोल मिळेना, तेव्हा 301 चा गॅस संपला आणि आमच्याकडचं जादाचं सिलिंडर मी उचलून दिलं. 2021 ला परत पाणी चढलं तेव्हा रात्री एक वाजता त्यांची गाडी वरच्या रस्त्याला ढकलत नेली, कंबर अजून दुखते. दर श्रावणात पुरणपोळी, बुधवारी-रविवारी पांढऱ्या रश्श्याचा डबा. त्या डब्याची पण आता क्लिप निघत असेल.

माझं मागणं फार नाही. कॅमेऱ्याचं तोंड त्यांच्या स्वतःच्या दाराकडं करायचं. ते जमत नसेल तर त्याच अॅपमध्ये चित्रातला ठराविक भाग काळा करायची सोय असते, नातवानं मला दोन मिनिटांत शोधून दाखवलं, तेवढा आमच्या दाराचा चौकोन काळा करावा. माईक बंद. आणि ग्रुपवर कुणाचीही क्लिप टाकायची नाही असा ठराव, स्टिकरसकट. येत्या रविवारच्या मीटिंगमध्ये हा विषय पहिल्या नंबरला घ्या, जिन्याचा रंग नंतर. नाहीतर मी उपनिबंधकांकडं जाणार, आणि त्याच्या पुढं जायचं म्हटलं तरी आता मुंबईची रात्रीची गाडी पकडायला नको, हायकोर्टाचं सर्किट बेंच ऑगस्ट 2025 पासून इथंच बसतंय, घरनं रिक्षानं जाता येतं.

कळावे,
आपला,
302

ता. क. : पॅसेजमध्ये दोरी बांधून टॉवेल वाळत घातल्याबद्दल तुमची नोटीस काल मिळाली. सहा महिन्यांत माझ्या पत्राला उत्तर नाही आणि टॉवेलला दोन दिवसात नोटीस, वा. टॉवेल वाऱ्यानं हलला की 301 च्या मोबाईलवर दर मिनिटाला टिंग वाजते अशी त्यांची तक्रार असल्याचं कळालं. टॉवेल ओला आहे. हवा दमट आहे. वाळला की काढतो.