टीव्ही शनिवारी येतोय

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी मधेच तोडलं असतं, म्हणून लिहून पाठवतेय. नेटवर चालणारा टीव्ही घेतलाय. पैसे भरून झालेत. वायफायवाला शुक्रवारी येईल, टीव्ही शनिवारी. त्या दिवशी पाणी यायचं असेल तर कळवा, वेळ बदलून घेते. परत करता येतो का, हे बाबा, मला विचारू नका.

‘आहे तो काय वाईट आहे?’ म्हणाल. वाईट नाहीच. गिरणी बंद पडल्यावर हिशोबाचे पैसे आले, त्यातून तुम्ही तो आणलात, मला ठाऊक आहे. दुकानदार बदल्यात मागत होता, मी दिला नाही. आतल्या खोलीत ठेवा. आईने विणलेलं कव्हरही त्यालाच राहू दे. आई, नव्याला दुसरं विणायला घेऊ नकोस, डोळ्याचं ऑपरेशन आत्ताच झालंय.

दिवाळीला आले नाही ते मनाला लागलंय, नाही कशाला म्हणू. पण खरं कारण मागच्या रविवारच्या व्हिडिओ कॉलचं आहे. चिऊ पडलेला दात दाखवत होती आणि आम्हाला दिसत होतं बाबांचं कपाळ आणि वरचा पंखा. आई मागून ‘दाखवा की, दाखवा की’ म्हणत होती. मग म्हणालीस, ‘दिसला गं दिसला.’ कुठला पडला विचारलं तर म्हणालीस खालचा. वरचा पडलाय, आई.

घरात नेट येऊन इतकी वर्षं झाली, पण ते बाबांच्या खिशातच राहिलं. बाबांना बोल लावत नाही. तूच फोनला हात लावत नाहीस, ‘माझ्याकडून काहीतरी दाबलं जाईल’ म्हणून. टीव्हीला मात्र तू कधी भ्यायली नाहीस. या टीव्हीच्या रिमोटवर माइकचं बटण आहे. ते दाबून धरायचं आणि बोलायचं, ‘हरिपाठ लाव’. त्याला बरंचसं कळतं. नाही कळलं तर पुन्हा सांगायचं, तसं तू बाबांना सांगतेसच. शेजारच्या अक्कांना तेलुगू गाणी लावून दे. विड्या वळता वळता ऐकतील.

वर एक छोटा कॅमेरा बसेल. रविवारी चिऊ त्यावर अख्खी दिसेल, आणि तूही आम्हाला. बोलणं झालं की त्याचं झाकण लावायचं.

बाबा, वायफायचं बिल मी भरतेय, त्यावर चर्चा नको. फोनचं रोजचं दीड जीबी मोठ्या पडद्याला तासभरही पुरायचं नाही. शिवाय यंदा हयातीच्या दाखल्यासाठी चार हेलपाटे घातलेत. जन्मभर सूत हाताळून अंगठा झिजला, तो मशीनवर उमटत नाही, यात तुमची काय चूक? जीवन प्रमाणच्या अ‍ॅपवर फोनसमोर नुसता चेहरा धरला तरी दाखला होतो. तुमच्या ईपीएस ९५ पेन्शनला तो दिल्या दिवसापासून वर्षभर चालतो. पुढच्या खेपेला आपण घरी बसून करू. कपाळासकट पूर्ण चेहरा धरायचा, एवढंच.

आता नीट ऐका. बँकेचं कार्ड टीव्हीत भरायचं नाही, कोणीही मागितलं तरी. ओटीपी कोणालाच सांगायचा नाही. पोलीस म्हणून कोणी व्हिडिओवर आलं आणि ‘डिजिटल अटक’ म्हणालं तर बंद करून टाका, कायद्यात असलं काही नाही. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावा, मग मला. मला आधी नको. आणि बाबा, सारखा टीव्हीसमोर बसून गुडघा आखडून घेऊ नका. आई, साखरेची गोळी जेवणाआधीची आहे, मालिकेनंतरची नाही.

गुडघ्यावरून आपल्या सोलापूरच्या गड्ड्याची, सिद्धेश्वराच्या जत्रेची, आठवण झाली. मागच्या वर्षी मिरवणुकीत नंदीध्वजांच्या उंच काठ्यांमागे चालून आलात आणि आठवडाभर पाय उशीवर होता. ते आईने मला फेब्रुवारीत सांगितलं. जाऊ नका म्हणत नाही, म्हणणार तरी कशी? तुमच्या खांद्यावर बसून, तुमच्या पांढऱ्या बाराबंदी सदऱ्याची गाठ मुठीत धरून मी सम्मती कट्ट्यावरच्या, सिद्धेश्वराच्या लग्नाच्या अक्षता बघितल्यात. अक्षता टाकायच्या वेळच्या ‘दिड्डम’च्या पुकाऱ्याआधीच माझ्या सगळ्या टाकून व्हायच्या आणि तुम्ही तुमच्या मुठीतल्या मला द्यायचात. तुमच्याकडे एखादी तरी उरायची का, हे मी कधी विचारलंच नाही.

यंदा १३ जानेवारीला सातही नंदीध्वज टीव्हीवर लाइव्ह दिसतील. आदल्या रात्री मी हुतात्मा एक्सप्रेसने येते, चिऊला घेऊन. बाराबंदी इस्त्री करून ठेवा. पाय दुखत नसेल तर कट्ट्यापर्यंत रिक्षाने नेईन, दुखत असेल तर घरी बसून बघू. आई हातात तांदूळ घेऊन बसणार, मला माहीत आहे. टाक. झाडून मी घेईन.

तुमची,
बबी