लेनवरचं न दिसणारं तेल दाखवणाऱ्या काकांना

लोअर परळ, मुंबई

मेकॅनिककाका,
स. न. वि. वि.

या शहरात ‘बोलर’ म्हटलं की समोरच्याला शिवाजी पार्क आठवतं आणि ‘फास्ट की स्पिन?’ असा प्रश्न येतो. आम्ही लेनवर जड बॉल लोळवून दहा पिना पाडणारे बोलर. आमच्या खेळात स्ट्राइक पडला, म्हणजे एका फेकीत दहाही पिना पडल्या, की टाळ्या बॉल टाकणाऱ्याला मिळतात. पिनांच्या मागे मशीनच्या खडखडाटात उभ्या असलेल्या माणसाकडे कोणी वळून बघत नाही. तुमचे आभार मानायचे तर तुम्ही नेमकं काय शिकवलंत ते लिहायला हवं, म्हणून पत्र लांबलंय. नव्याने बॉल विकत घेणाऱ्यांनीही वाचावं म्हणून ते उघड लिहितोय.

लेन चमकते ते पॉलिशमुळे, असा बहुतेकांचा समज असतो. तुम्ही फाउल लाइनच्या, म्हणजे बॉल टाकताना ओलांडायची नसते त्या रेघेच्या, पुढे बोट फिरवलंत आणि ते दाखवलंत. तेल! फाउल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंत ६० फूट, रुंदी साडेएकेचाळीस इंच, आडवे मोजले तर ३९ बोर्ड, म्हणजे लांब उभ्या पट्ट्या. एवढ्या लेनवर रोजच्या साध्या पॅटर्नमध्ये, म्हणजे तेल पसरायच्या ठरलेल्या मांडणीत, तेल किती, तर २० ते २५ मिलिलिटर, म्हणजे चहाचे चार-पाच चमचे. तेही साधारण पहिल्या ४० फुटांवरच. शेवटचे २० फूट कोरडे. सगळा खेळ या चार-पाच चमच्यांचा आहे, हे कळायला आम्हाला तुमची गरज पडली.

त्यामागचं कारण तुम्ही कॅरमवरून समजावलंत. पावडर टाकलेल्या बोर्डावर स्ट्रायकर सरसर जातो, पुसलेल्या बोर्डावर अडखळतो. बोलिंगचा बॉल एकाच फेकीत दोन्ही बोर्डांवरून जातो. तेलावर घर्षणाचा गुणांक ०.०४ च्या आसपास असतो, कोरड्या भागात ०.२ च्या आसपास, म्हणजे पाचपट. आता आकडे जुळवून बघा. बॉलचा घेर २७ इंच, म्हणजे सव्वादोन फूट. सेकंदाला २५ फूट, म्हणजे ताशी सुमारे २७ किलोमीटर वेगाने तो न घसरता पूर्ण लोळायचा असेल, तर सेकंदाला अकरा फेरे व्हायला हवेत. चांगला हात मिनिटाला ३०० फेरे देतो, सेकंदाला पाच. उरलेले सहा लेनने द्यायचे असतात. ते मिळेपर्यंत बॉल घसरतो. घर्षण मिळालं की तो वेग सोडतो, फेरे कमावतो आणि हातातून निघताना ज्या बाजूला फिरत होता तिकडे वळतो. आधी घसरणं, मग वळणं, शेवटी लोळणं. वळण मनगटात असतं असं मानणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडावा.

वळण हवं कशाला? सरळ टाकलेला बॉल पॉकेटमध्ये, म्हणजे एक नंबरची सर्वांत पुढची पिन आणि तिच्या मागे उजवीकडची तीन नंबरची, यांच्यामध्ये शिरतो तेव्हा त्याचा कोन जेमतेम एक-दीड अंश असतो. पिनांना धडकून तो बाजूला ढकलला जातो आणि मधोमध उभ्या पाच नंबरपर्यंत पोचत नाही. सहा अंशांच्या आसपास कोन मिळाला तर बॉल आत टिकून राहतो. तेल जास्त असेल तर वळण उशिरा सुरू होतं आणि हा कोन मिळायच्या आत ६० फूट संपतात. बॉल पॉकेटला लागल्यासारखा दिसतो, पण मागे ८-१० किंवा ५-७ अशी दुभंगलेली जोडी उभी राहते. नाहीतर २-४-५-८ ही ‘बकेट’. लोक म्हणतात नशीब. तुम्ही म्हणालात, ‘तेल बघा.’

आणि मागच्या उजव्या कोपऱ्यातली दहा नंबरची ती एकटी पिन! ती उजव्या हाताने खेळणाऱ्यांचा जन्माचा वैताग. तिच्या पुढची सहा नंबरची पिन दहाच्या गळ्याला वळसा घालून गेली, तर बॉल ठीक होता, फक्त कोन किंचित चुकला. सहा नंबर मरगळून दहाच्या पुढ्यात गटरमध्ये पडली, तर बॉलमध्ये दम नव्हता. त्याने सगळी ताकद आधीच लोळण्यात घालवली, किंवा तेलामुळे त्याला वळायला वेळच मिळाला नाही. उरलेली पिन तीच, दुखणी वेगळी. सहा नंबर कुठे पडते ते बघायची सवय तुम्ही लावलीत.

ऑइल मशीनचा तो छापील कागद तुम्ही वाचायला शिकवलात, ही आमच्यासाठी सर्वांत मोठी गोष्ट. त्यावर ‘२एल ते २आर, २ लोड’ असं असतं, तेव्हा अर्थ असा: डावीकडच्या दुसऱ्या बोर्डापासून उजवीकडच्या दुसऱ्यापर्यंत, म्हणजे ३७ बोर्डांवर, दोन वेळा तेल. एका बोर्डाला ५० मायक्रोलिटर धरलं तर ३७ गुणिले २ गुणिले ५०, म्हणजे ३.७ मिलिलिटर. पुढची ओळ ‘१०एल ते १०आर, ३ लोड’ असेल तर २१ बोर्ड, ३.१५ मिलिलिटर. अशा ओळींची बेरीज करत गेलं की मधे तेलाचा डोंगर आणि कडेला सपाट मैदान डोळ्यांपुढे येतं. मशीनचा वेग वाढला की तेवढंच तेल जास्त लांबीवर पसरतं आणि थर पातळ होतो. हे सगळं कागदावर असतं, आणि बहुतेक खेळाडू तो मागतसुद्धा नाहीत.

कागदावरून तेलाची लांबी कळली की ३१ चा नियम लावायचा. लांबीतून ३१ वजा करा, जो आकडा येईल, गटरकडून मोजलेल्या त्या बोर्डाच्या आसपास बॉल तेलातून बाहेर पडायला हवा. ४० फुटांना नववा, ३५ ला चौथा, ४५ ला चौदावा. लांब पॅटर्नवर आतून खेळायचं, आखूड असेल तर गटरच्या कडेने. हा अंदाज आहे, पंचांग नाही. पण पहिल्या दोन फेकी वाया जात नाहीत.

रोजच्या पॅटर्नमध्ये कडेचे सात-आठ बोर्ड जवळजवळ कोरडे असतात. बॉल चुकून बाहेर गेला तरी वळून परत येतो, आत गेला तर तेलावर टिकून राहतो. त्यामुळे आपण फार अचूक आहोत असा गैरसमज होतो. स्पर्धेच्या पॅटर्नमध्ये मधल्या आणि कडेच्या तेलाचं प्रमाण ३:१ किंवा त्याहून कमी असतं, आणि तिथे दोन बोर्डांची चूकही माफ होत नाही. मॉलमध्ये २०० गुण करणारा स्पर्धेत १५० वर का येतो, त्याचं उत्तर एवढंच.

आता बॉलच्या पृष्ठभागाबद्दल. इथे तुमचा हात धरणारा दुसरा कोणी आम्हाला माहीत नाही. प्लास्टिक, म्हणजे पॉलिस्टरचा बॉल तेलावर काहीच पकडत नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला युरेथेन आलं, १९९० च्या सुरुवातीला रिॲक्टिव्ह रेझिन. रेझिनच्या अंगावर बारीक छिद्रं असतात आणि ती तेल पितात. पण नुसतं रेझिन घेऊन भागत नाही. दुकानातून चकचकीत आलेला महागडा बॉल जाड तेलावर प्लास्टिकसारखाच सरळ जातो, आणि माणूस दुकानदाराला शिव्या देतो. पॉलिश केलेला पृष्ठभाग तेलावर तरंगतो. घासलेल्या बॉलवरचे बारीक ओरखडे तेलाचा थर भेदून लेनला टेकतात. पहिल्या पावसात गुळगुळीत टायरची स्कूटर हिंदमाताजवळ वळवून बघा, नाहीतर नकोच.

घासायची तुमची पद्धत जशीच्या तशी: बॉल आधी क्लीनरने स्वच्छ, कारण तेलकट बॉल घासला तर पॅड बुजतो. मग बॉल फिरवणाऱ्या स्पिनरवर, भरपूर पाणी मारून, हलक्या हाताने. आधी ५०० चा पॅड, मग १०००, मग २०००; आकडा जितका लहान तितका पॅड खरखरीत. प्रत्येक पॅड चार बाजूंनी, एका बाजूला ४५ सेकंद, दर बाजूला पाव वळसा. मधला १००० गाळला तर ५०० चे खोल ओरखडे २००० च्या खाली राहतात, बॉल वरून गुळगुळीत दिसतो आणि लेनवर लवकर थकतो. जाड तेलाला १००० वर थांबायचं, मध्यमला २००० ते ३०००, कोरड्या लेनला ४००० किंवा पॉलिश. आणि हा खरखरीतपणा टिकत नाही. दहा-बारा गेममध्ये लेनच बॉलला घासून गुळगुळीत करते. ‘बॉल मेला’ म्हणून नवा घेणाऱ्या कितीतरी जणांना तुम्ही दहा मिनिटांत जुनाच परत दिलात, हे तुमच्या धंद्याच्या दृष्टीने फारसं शहाणपणाचं नाही. म्हणूनच आभार जास्त.

दर फेकीनंतर मायक्रोफायबरच्या कापडाने तेलाची रेघ पुसायची, कारण तेल काही मिनिटांतच आत जिरायला लागतं. मान्यताप्राप्त स्पर्धा चालू असताना कापड कोरडंच हवं आणि घासणं तर पूर्ण बंद. हेही तुम्ही वेळेवर सांगितलंत. आत मुरलेलं तेल काढायला अंघोळ: बोटांच्या भोकांवर जलरोधक टेप, बादलीत ५५ अंशांच्या आसपासचं पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब, वीस मिनिटं. बॉल बाहेर काढून वर आलेले थेंब पुसायचे आणि तवंग यायचा थांबेपर्यंत परत बुडवायचा. गिझरचं पाणी पुरतं. उकळतं पाणी घातलं तर बाहेरचं कवच आतल्या गाभ्यापेक्षा आधी फुगतं आणि बॉल तडकतो. मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवलेल्या बॉलचंही तेच होतं. अंघोळीनंतर लगेच एसीच्या झोताखाली ठेवायचा नाही.

गाभ्याबद्दल दोनच वाक्यं, कारण लोक त्यावर नको इतकं बोलतात. गाभ्यामुळे बॉलचा अक्ष फेकीदरम्यान सरकतो, दर फेऱ्याला लेनला नवा, कोरडा पट्टा लागतो, आणि पुसायच्या आधी बॉलवर तेलाच्या रेघांचा पंखा दिसतो. सगळ्या रेघा एकावर एक पडत असतील तर बॉल तेलावर तेल लोळवतोय, मग पृष्ठभाग कितीही घासा.

तेल जास्त असताना जोर लावणं ही सगळ्यांत सार्वत्रिक चूक. वेग वाढला की बॉलला घर्षणाखाली वेळ कमी मिळतो आणि तो अजून सरळ जातो. तुमचा उपाय उलटा: सुरुवातीला बॉल छातीऐवजी कमरेपाशी धरा, झोका लहान होतो, वेग आपोआप उतरतो. उजव्या हाताच्या खेळाडूने पाय उजवीकडे न्यावेत, नेम धरायला लेनवर असलेला बाण तोच ठेवावा. बाण फाउल लाइनपासून सुमारे १५ फुटांवर आहेत, पुढे पिनांपर्यंत ४५ फूट उरतात, म्हणून पाय एक बोर्ड उजवीकडे गेले की बॉल पिनांपाशी तीन बोर्ड डावीकडे येतो. डावखुऱ्यांनी दिशा उलटी समजावी.

आणि लेन स्थिर नसते. रिॲक्टिव्ह बॉल जिथून जातात तिथलं तेल पिऊन नेतात. दोन-तीन गेमनंतर तीच फेक लवकर वळते, पॉकेट ओलांडते, ४-९ उभी राहते. तेव्हा पाय दोन बोर्ड डावीकडे, नजर एक बोर्ड डावीकडे. शनिवारी संध्याकाळी प्रकार वेगळा. वाढदिवसाच्या पार्ट्या इथल्याच भाड्याच्या प्लास्टिक बॉलने मधोमध टाकतात, प्लास्टिक तेल पीत नाही, ते पुढे ओढत नेतं आणि कोरड्या वीस फुटांवर पातळ थर बसतो. मग बॉल शेवटी वळतच नाही. त्या वेळी बोर्ड मोजत बसण्यापेक्षा तुम्हाला लेन परत पुसून तेल लावायला सांगणं बरं. ते तुम्ही किती वेळा हसत केलंत!

पुसण्यावरून: लेन पुसणाऱ्या मशीनमधल्या स्क्वीजीची रबरी धार झिजली की क्लीनरची ओली पट्टी मागे राहते, तिच्यावर नवं तेल बसतं आणि त्या एका रेघेवर बॉल भलताच वागतो. तुम्ही रोज सकाळी त्या धारेवरून नख फिरवता. या गिरणगावात पूर्वी साच्यांना तेल घालणारे ऑइलर असायचे, त्यांचंही नाव कापडावर छापलं जात नसे.

स्पेअरला, म्हणजे उरलेल्या पिना पाडायच्या दुसऱ्या फेकीला, मात्र तुमचं तेल आम्ही चुकवतो. दहा नंबरच्या पिनला प्लास्टिकचा बॉल, तिरका, सरळ. तुम्हीच सांगितलंत म्हणून.

आपले,
दर रविवारी सकाळी लेन उघडायच्या आधी येऊन कागद मागणारे काही बोलर

ता. क. तुमचा ५०० चा पॅड आमच्याकडे राहिलाय. इतका झिजलाय की तो आता १००० चं काम करतो. परत देण्यात अर्थ नाही, येताना नवा आणतो.