गावी निघताना बंद घर कोणाच्या नोंदीत? गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : सणासुदीत व सुट्टीत बंद राहणाऱ्या घरांची पोलीस ठाण्यात रीतसर नोंद घेण्याबाबत

महोदय,

गणेशोत्सव जवळ आला की मुंबई, ठाणे, डोंबिवली, विरार या पट्ट्यातील रहिवाशांना दरवर्षी त्याच सूचना मिळतात : दागिने घरात ठेवू नका, भक्कम कुलूप लावा, सोसायटीत सीसीटीव्ही बसवा आणि गावी जाण्यापूर्वी शेजाऱ्यांना व पोलिसांना कळवा. कुलपाचे आणि कॅमेऱ्याचे लोक आपापल्या ऐपतीप्रमाणे पाहतात. पोलिसांना कळवण्याची सूचना पाळायला निघालेल्या माणसाला मात्र ठाण्यात कोणाला सांगायचे, ते कशात लिहिले जाणार आणि पुढे त्याचे काय होणार, याचे उत्तर मिळेलच असे नाही. ठाणे अंमलदार तत्पर असेल तर तो पत्ता टिपून घेतो, पण ती टिपण रात्रपाळीच्या गस्तीपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी ठरलेली नसल्यामुळे बहुतेक वेळा ती टिपणच राहते. हे पत्र त्या एका त्रुटीबद्दल आहे.

शिक्षेच्या बाबतीत कायदा मवाळ नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३१ नुसार चोरीच्या उद्देशाने दिवसा घरफोडी केल्यास दहा वर्षांपर्यंत आणि रात्री केल्यास चौदा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. परंतु ही कलमे कडी-कोयंडा उचकटल्यानंतरची आहेत, आणि घराचा मालक काळजी करतो ती त्याआधीच्या आठवड्याची.

सराईत चोर कुलपाची ताकद नंतर पाहतो. घरात माणूस नाही याची खात्री तो आधी करून घेतो. दोन दिवस न उचललेले वर्तमानपत्र, भर दुपारी जळत राहिलेला व्हरांड्यातला दिवा, लॅचच्या दाराबाहेर लावलेले मोठे कुलूप एवढे त्याला पुरते. इमारतीत शिरल्यावर मजल्यावरच्या इतर घरांना बाहेरून कड्या घालायच्या आणि मगच काम सुरू करायचे, ही पद्धत तर इतकी जुनी आहे की दाराला बाहेरून कडी ठेवूच नये असा सल्ला आता सुतारही देतात. तात्पर्य, कोणते घर बंद आहे ही माहिती चोर मेहनतीने मिळवतो. पोलिसांना ती मालक स्वतःहून द्यायला तयार आहे, आणि घेणारी व्यवस्था मात्र नाही, ही स्थिती मला अनाकलनीय वाटते.

अशी व्यवस्था उभारणे अवघडही नाही. केरळ पोलिसांच्या पोल-ॲपवर बंद घराची नोंद करता येते. आंध्र प्रदेशात तर गावी जाणाऱ्या कुटुंबाने मोबाइलवरून कळवल्यावर पोलीस त्या घरात हालचाल टिपणारा कॅमेरा बसवून जातात आणि कोणी शिरल्यास नियंत्रण कक्षात सूचना मिळते. आपण एकदम कॅमेऱ्यांपर्यंत जावे असे माझे म्हणणे नाही. आपल्याकडे गणेशभक्तांच्या वाहनांना टोलमाफीचे पास दिले जातात, आणि त्यासाठी वाहन क्रमांक व मालकाचे नाव घेतले जाते. त्याच वेळी ‘आपले घर या काळात बंद राहणार आहे का’ एवढा ऐच्छिक प्रश्न विचारून पत्ता व परतीची तारीख घ्यावी आणि ती माहिती संबंधित ठाण्याच्या बीट अंमलदाराकडे, म्हणजे त्या भागाची जबाबदारी असलेल्या पोलिसाकडे, जावी. एसटीने व रेल्वेने जाणाऱ्यांची संख्या मोठी असल्यामुळे हीच सोय ११२ क्रमांकावर व सोसायटीच्या सचिवामार्फतही हवी. गस्तीवरील कर्मचाऱ्याने इमारतीत लावलेला क्यूआर कोड स्कॅन केल्याची नोंद काही शहरांत आधीच होते. बंद घरांच्या इमारतींचा क्रम त्या गस्तीत वर आणला, तरी बरेच साधेल.

दोन आक्षेप मला दिसतात. पहिला मनुष्यबळाचा. त्याच दहा दिवसांत पोलिसांच्या रजा बंद असतात आणि ठाण्यातील जवळजवळ प्रत्येक जण मंडपाच्या व मिरवणुकीच्या बंदोबस्तात अडकलेला असतो. तेव्हा निवासी भागातील रात्रगस्तीसाठी गृहरक्षक दलाचे जवान राखून ठेवावे लागतील आणि त्यांचा भत्ता वेळेवर द्यावा लागेल. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बंद घरांची यादी चुकीच्या हाती पडली तर चोराची सारी मेहनत वाचेल. म्हणून ही यादी त्या बीटच्या कर्मचाऱ्यालाच आणि त्या मुदतीपुरतीच दिसावी, ती कोणी कधी पाहिली याची नोंद राहावी, व्हॉट्सॲपच्या गटांवर ती फिरवण्यास स्पष्ट मनाई असावी आणि कुटुंब परतताच ती पुसली जावी. एवढी हमी देता येत नसेल तर योजना सुरूच करू नये.

या प्रश्नाची दुसरी बाजू कोकणात आहे, आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. यावरून किती हात पोटापाण्यासाठी बाहेर आहेत हे कळते. मुंबईतले घर दहा दिवस बंद राहते, तर गावाकडचे शिमग्याला उघडले की थेट गणपतीलाच उघडते. तिथून रोख रक्कम जात नाही. तांब्याचे हंडे, घंगाळे, पितळेच्या समया, देवघरातली घंटा असे पिढ्यान्‌पिढ्यांचे जिन्नस जातात. ऐन पावसाळ्यात फोडलेले मागचे दार भाद्रपदात दिसते, तोवर ठसे उरत नाहीत, चोरीची तारीख सांगता येत नाही, आणि चाकरमान्याला चार दिवसांत परतायचे असल्यामुळे पुष्कळदा फिर्यादच दिली जात नाही. परिणामी गुन्ह्यांच्या आकडेवारीत ही घरे सुरक्षित दिसतात.

येथे नवे पद निर्माण करण्याची गरज नाही. महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ खालील पोलीस पाटील गावोगाव आहेत. वाडीनिहाय बंद घरांची नोंद ठेवून महिन्यातून एकदा बाहेरून पाहणी करण्याचे आणि कुलूप तुटलेले दिसताच मालकाला व ठाण्याला कळवण्याचे काम त्यांना लेखी आदेशाने, वाढीव मानधनासह द्यावे. जी पदे रिक्त आहेत ती त्यासाठी आधी भरावीत. तसेच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार इलेक्ट्रॉनिक माध्यमातून गुन्ह्याची माहिती देऊन तीन दिवसांत तिच्यावर स्वाक्षरी करता येते, ही गोष्ट एसटी स्थानकांवर मराठीत ठळकपणे लावावी.

राज्य शासनाने २०२५ मध्ये गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला आहे. तेव्हा येत्या उत्सवापूर्वी ठाणे, नवी मुंबई आणि मिरा-भाईंदर-वसई-विरार या तीन पोलीस आयुक्तालयांत, तसेच रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांत ही नोंद प्रायोगिक तत्त्वावर सुरू करण्याचे आदेश द्यावेत आणि नोंदवलेल्या घरांपैकी किती फुटली, किती वाचली, याचा अहवाल दिवाळीपूर्वी जाहीर करावा, अशी विनंती आहे.

आपला नम्र,
गणपतीला घर बंद करून गावी जाणारा डोंबिवलीतील एक रहिवासी