आधी कामगारांचं छप्पर, मग पर्यटकांच्या खोल्या

मा. संपादक,
स. न.

गोव्यातल्या डिचोली, साखळी, सत्तरी या खाणपट्ट्यात पर्यटन आणायचं, किनाऱ्यावरची गर्दी आत वळवायची, असं आपल्या अंकात हल्ली वरचेवर वाचायला मिळतं. माझा त्याला विरोध नाही. आमच्या घरानं २०१२ ची खाणबंदी सोसली आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं ८८ खाण-लीजांचं नूतनीकरण रद्द केलं तेव्हाची दुसरीही. यजमान खाणीवर सुपरवायझर होते, मी शाळेत शिकवत होते, म्हणून घर चालत राहिलं. खनिज वाहणारे ट्रक चालवणाऱ्या शेजारच्या टिपरवाल्यांचं काय झालं ते इथं सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा गावात दुसरं काही काम येत असेल तर ते हवंच.

यंदा शिगमो, म्हणजे आमचा शिमगा, आटोपून आम्ही दोघं अमेरिकेत लेकीकडे गेलो होतो. तिथं एका जुन्या खाणगावात राहण्याचा योग आला. ते गाव आता बर्फावर जगतं. तिथं जे दिसलं ते या चर्चेत यायला हवं, म्हणून हे पत्र.

गाव ब्रेकनरिज, राज्य कोलोरॅडो. लग्नाच्या वाढदिवसाचं निमित्त करून जावयानं आमचं दोघांचंच बुकिंग केलं. ‘तुम्ही दोघांनीच जायचं, आम्ही येणार नाही’ असं लेकीनं बजावलंही. यजमानांना वाटलं होतं, एप्रिलात कसला बर्फ? पण तिथं स्कीइंगचा हंगाम एप्रिलभर चालतो, कधी मे महिन्यातही. कारण उंची. डेन्व्हर शहरच ५,२८० फुटांवर. तिथून महामार्ग चढत चढत अकरा हजार फुटांवरच्या आयझेनहॉवर बोगद्यातून डोंगरापलीकडे उतरतो. ब्रेकनरिज गाव ९,६०० फुटांवर आहे आणि तिथली सर्वांत वरची पाळणा-लिफ्ट १२,८४० फुटांपर्यंत नेते. उत्तर अमेरिकेत याहून उंच जाणारी खुर्च्यांची लिफ्ट नाही. आम्ही ती खालूनच पाहिली.

इथले कुणी जाणार असतील तर एक सांगून ठेवते. आपण समुद्रकाठची माणसं. तिथं प्रत्येक श्वासात ऑक्सिजन सुमारे तीस टक्के कमी मिळतो. लेकीनं आम्हाला आधी डेन्व्हरला ठेवून घेतलं, मग वर पाठवलं, तरीही पहिल्या रात्री माझं डोकं ठणकलं आणि यजमानांना झोप लागली नाही. विमानतळावरून थेट वर जाऊ नये. भरपूर पाणी प्यावं. रक्तदाबाच्या गोळ्या असतील तर निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावं. आणि ऊन! ताजा बर्फ अतिनील किरणं ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो, त्यामुळे ऊन खालूनही लागतं. हनुवटीखाली आणि नाकपुड्यांपाशी क्रीम लावा, असं आम्हाला स्कीइंग शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं तेव्हा आम्हाला हसू आलं होतं. संध्याकाळी यजमानांची हनुवटी करपलेली होती.

वसंतातल्या बर्फाची तऱ्हा वेगळी. रात्री तो गोठून काचेसारखा होतो, सकाळी त्यावर पाय ठरत नाही. दहा-अकराच्या सुमाराला वरचा थर सैल होतो आणि नवशिक्यांना तीच वेळ बरी. तीननंतर नुसता चिखल, स्की रुतून बसतात. स्कीचे बूट घातले की घोटा हलत नाही, गुडघे पुढे वाकवूनच उभं राहावं लागतं. थांबायचं तर दोन्ही स्कींची टोकं जवळ आणायची आणि मागचा भाग फाकवायचा. त्या आकाराला तिथं पोरांपासून थोरांपर्यंत सगळे ‘पिझ्झा’ म्हणतात. चार-पाच वर्षांची पोरं आमच्या दोन्ही बाजूंनी सुळकन निघून जात होती आणि जाता जाता आम्हालाच ‘पिझ्झा, पिझ्झा’ ओरडून सांगत होती. यजमान पडायचे आणि पडल्या जागी बसून हसत राहायचे. इतकं हसताना त्यांना मी खाणबंदीनंतर पाहिलं नव्हतं. माझ्यापुरते तेवढ्यातच पैसे वसूल झाले. पैसे थोडे नव्हेत: ऐन हंगामात एका माणसाचं एका दिवसाचं लिफ्टचं तिकीटच दोनशे डॉलरच्या वर जातं. गावातून डोंगरापर्यंत नेणारा गोंडोला, म्हणजे तारेवरून जाणारा बंद पाळणा, मात्र फुकट, गावातल्या बसही फुकट.

त्या बसमधूनच यजमानांनी गावाबाहेरचे दगडांचे ढीग पाहिले आणि म्हणाले, ‘अगं, हे डंप आहेत.’ खरंच डंप होते, खाणकामात उकरून टाकलेल्या दगडमातीचे ढीग. १८५९ मध्ये सोनं सापडलं म्हणून हे गाव वसलं. पुढे १८९८ पासून १९४२ पर्यंत तरंगत्या ड्रेजर-बोटींनी ब्लू नदीचं पात्र उकरून त्यातलं सोनं काढलं आणि दगडगोटे काठावर रचून टाकले. मांडवी नदीत खनिजाच्या बार्जी भरताना आयुष्य गेलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. सोनं संपलं, गाव ओस पडलं. १९६० च्या जनगणनेत तिथं चारशे माणसंही उरली नव्हती. १९६१ च्या डिसेंबरात डोंगरावर स्कीइंग सुरू झालं आणि गाव पुन्हा उभं राहिलं. डोंगर सरकारी राष्ट्रीय वनाचा आहे, कंपनी तिथं वनखात्याच्या परवान्यावर धंदा करते. गावातून वाहणाऱ्या नदीचं उकरलेलं पात्र पुढे पुन्हा घडवलं आणि काठानं फिरायला वाट केली. आमच्याकडच्या पिसुर्ले, वेळगे, सुर्ल इथल्या डंपांकडे पाहत जगणाऱ्यांना हे वाचून हेवा वाटेल. मलाही वाटला.

पण आम्हाला शिकवणाऱ्या बाई रोज हूझर घाट ओलांडून पलीकडच्या फेअरप्ले गावाहून येत. घाट साडेअकरा हजार फुटांवर, एप्रिलातही बर्फ पडतो. ब्रेकनरिजमध्ये का राहत नाही, असं विचारलं तर त्या म्हणाल्या, ‘तिथं माझ्या पगारात पार्किंग तेवढं परवडतं.’ स्वतंत्र घर दहा लाख डॉलरच्या खाली मिळणं मुश्कील. पुष्कळशी घरं बाहेरच्यांची, वर्षातले काही आठवडे उघडणारी, उरलेल्या दिवसांत पर्यटकांना भाड्यानं दिलेली. हंगामात लिफ्टवर हात द्यायला पेरू-अर्जेंटिनाचे विद्यार्थी तात्पुरत्या व्हिसावर येतात.

मग गावानं काय केलं? २०२१ मध्ये पर्यटकांना अल्प मुदतीसाठी घर देण्याच्या परवान्यांवर मर्यादा घातली. शिवाय काही घरांच्या दस्तातच अट घातली जाते की इथं राहणाऱ्यानं त्याच काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, आठवड्याला किमान तीस तास काम केलेलं असावं. चालू घरमालकाला पैसे देऊन अशी अट लावून घेण्याची योजनाही पालिका चालवते. चांगलंच आहे. पण हे सारं पर्यटन सुरू झाल्यावर कित्येक दशकांनी, जमीन हातची गेल्यावर, पालिकेची तिजोरी उघडून करावं लागलं. तेवढी तिजोरी आपल्या कुठल्या पंचायतीकडे आहे?

किनाऱ्याजवळच्या आसगाव-शिवोलीत काय झालं ते आपण पाहतो आहोत. जुनी घरं दिल्ली-मुंबईकडे गेली, आणि हॉटेलात काम करणारी मुलं एकेका खोलीत दाटीवाटीनं राहतात. आता तोच गिऱ्हाईक तळ्याकाठची, कुळागराजवळची (सुपारी-नारळाच्या बागेजवळची) जागा विचारत डिचोलीत येऊ लागला आहे. डिचोलीतल्याच मये गावच्या लोकांना तर राहत्या घराची सनद मिळवण्यासाठी अनेक दशकं झगडावं लागलं. ती हातात पडल्यावर लगेच कुणी चेकबुक घेऊन दारात उभा राहिला तर ज्यांची पोरं बेकार आहेत ते नाही कसं म्हणतील? म्हणून पर्यटनाचे आराखडे मांडणाऱ्यांनी झिपलाइन आणि कारंज्यांच्या आधी हे लिहून द्यावं की इथं काम करणारा माणूस झोपणार कुठे, आणि भाड्याच्या खोल्यांपैकी किती गावच्याच माणसांसाठी राखायच्या.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती आहे. पर्यटकांना खोल्या देणाऱ्यांची पर्यटन खात्याकडे नोंदणी १९८२ च्या कायद्यानं सक्तीची आहे. तेव्हा आकडा कागदावर असायलाच हवा. डिचोली तालुक्यात गावागणिक अशा खोल्या किती, आणि मालक गावचे किती, बाहेरचे किती, एवढं छापा. मयेपासून सुरुवात केलीत तर यजमान सोबत यायला तयार आहेत. तिथली घरं त्यांना दारावरचं नाव न वाचता ओळखता येतात.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
डिचोली